उलट्या उजेडाचा चंद्र

भाईंदरला इंद्रलोक वस्तीच्या बाजूला एक नवी सोसायटी झाली आहे. तिच्या हॉलचं इंटीरियर ज्या माणसाने केलं, त्याने मला फसवलं. पैसे त्याने पूर्ण दिले, ठरल्या दिवशी दिले. ही गोष्ट आधीच सांगते, कारण मी फसले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि पैसे मिळाले असं कळलं की त्यांचा चेहरा लगेच बदलतो. मग तक्रार कसली, असा.

तक्रार एका चंद्राची आहे. तो मी काढला होता. आता तो त्या हॉलच्या छतावर चुकीच्या जागी, चुकीच्या बाजूने उजळलेला, दुसऱ्याच्या नावावर लटकतो आहे.

मी ग्रह काढते. खरे नव्हेत, मनातले. कॉम्प्युटरवर, हातात पेन धरून, काळ्या पाटीवर. पाटीवर काही दिसत नाही, रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. हे काम मला कोणी शिकवलं नाही. भाईंदर स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी टायपिंग करायचे. पुढे त्याच मालकाने फ्लेक्स छापायचं मशीन आणलं आणि बॅनर जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाढदिवसाचे बॅनर, निवड झाल्याचे बॅनर, दहीहंडीचे, श्रद्धांजलीचे. वर एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस छोटे गोल चेहरे. दहा वर्षं मी गोल चेहरे कापले.

त्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी दुकानात दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली नव्हती. साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, शुभेच्छुकांपैकी अर्ध्यांवर उजवीकडून, एकावर तर खालून, कारण त्याने फोटो मोबाइलच्या उजेडात काढलेला. एकाच बॅनरवर पाच सूर्य. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता यायचं नाही, पण बॅनर खोटा वाटायचा. मी सगळ्यांचा उजेड एका बाजूने करायला लागले. वेळ जास्त जायचा, मालक ओरडायचा, पण गिऱ्हाईक परत माझ्याचकडे यायचं. मी त्या जोरावर पगार वाढवून मागितला, मिळाला नाही, तेव्हा पेन ठेवलं आणि निघाले. त्याच रस्त्यावर सहा महिन्यांत माझं स्वतःचं दुकान होतं. मशीन सेकंडहॅण्ड, तेही मी विकणाऱ्याच्या दारात तीन दिवस बसून भाव पाडून घेतलेलं. चौथ्या दिवशी त्याची बायकोच म्हणाली, देऊन टाका, ही रोज येईल.

ग्रह सुरू झाले ते दुकानातल्या रिकाम्या दुपारी. चेहरे कापून कापून कंटाळले होते. एक गोल काढला, त्यात चेहरा टाकला नाही. त्यावर भाकरी टाकली.

खरंच भाकरी. घरी तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी मी मोबाइलवर टिपली होती. तिचे फुगलेले पापुद्रे, कडेचे तपकिरी डाग, मध्ये एक जळका ठिपका. तो फोटो मी गोलावर ताणला, त्यावर पेनाने ढग ओढले, एका बाजूला काळोख उतरवला, आणि समोर एक ग्रह फिरत होता जो आजवर कोणी पाहिला नव्हता. त्यानंतर मला सगळीकडे ग्रह दिसायला लागले. चेण्याला नदीच्या पात्रात उन्हाळ्यात भेगाळलेला चिखल. डोंगरीच्या बाजूचे खडक, त्यावर चढलेलं पांढरट-हिरवं शेवाळ. बसस्टॉपच्या खांबावरचा गंज. स्कूटर कुठेही थांबवून मी फोटो काढते, लोक बघत राहतात.

पण सगळ्यात चांगला चंद्र मला घरच्या आगरात मिळाला.

वडिलांनी जन्मभर मिठागरावर काम केलं. आता आमचं आगर पडीक आहे. कोणी पाणी घेत नाही, बांध फुटलेत, खाजणातली झाडी आत शिरली आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात भरतीचं पाणी साठून सुकतं आणि खाली चिखलाचे चौकोन तडकतात. प्रत्येक चौकोनाच्या कडेला मिठाची पांढरी किनार. उतरत्या उन्हात त्यावर गुलाबी झाक येते. मी उन्हात पालथी पडून ते फोटो काढले. वडील बांधावर उभे होते. काय करतेस, असं त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले की थोडं थांब, ऊन तिरपं झालं की किनार उठून दिसेल. सावली नसलेल्या जागी ज्याने पन्नास वर्षं काम केलं, त्याला ऊन कुठून पडतं ते शिकवावं लागत नाही. मिठाच्या राशीची सावली बघून ते वेळ सांगायचे.

तो चंद्र पुरा करायला मला बारा दिवस लागले. एकेका भेगेला उजेडाची बाजू आणि काळोखाची बाजू. गिऱ्हाइकाला मात्र मी महिना सांगते. तो माझा धंदा आहे.

आता त्या माणसाकडे येते. तो जुन्या भाईंदरातला, आमच्याच ओळखीतला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याची आई मासळी खारवायला मीठ घ्यायची ते आमच्या आगरावरून. शाळेनंतर तो कुठे गेला माहीत नव्हतं, तो एकदम मोठ्या गाडीतून माझ्या दुकानासमोर उतरला आणि म्हणाला, ताई, ओळखलं का. मला भाव पाडायच्या आधी ताई म्हणणारी माणसं मी ओळखते. मी स्वतः गिऱ्हाइकाला भाऊ म्हणते ते त्याच कारणासाठी.

त्याचं म्हणणं असं होतं. सोसायटीच्या हॉलला आकाशासारखं छत करायचंय. ताणलेलं कापड, मागून दिवे. खरे ग्रह नकोत, कारण ते नेटवर सगळ्यांनी पाहिलेत आणि सोसायटीत एक निवृत्त शास्त्राचे मास्तर राहतात, ते चुका काढत बसतील.

"खोटे ग्रह काढ ताई. खोट्यात कोण चूक काढणार?"

मी त्याला तिथेच सांगितलं की खोट्या ग्रहालाही सूर्य एकच असतो. तो हसला. मला वाटलं, पटलं म्हणून हसला.

भाव करायला त्याने चार फेऱ्या मारल्या. दोनदा मी त्याला चहा पाजून परत पाठवलं, एकदा न पाजता. मला मजा येत होती हे खोटं कशाला सांगू. तोही तयार होता. शेवटी मी सांगितलेल्या आकड्याजवळ आला, थोडासा खालीच, पण मी मनात धरलेल्या आकड्याच्या बराच वर. हात मिळवला. आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला,

"ताई, वरची मूठ?"

आमच्याकडे आगरावर मीठ मापून झालं, पैसे ठरले, की विकणारा एक मूठ मीठ वरून टाकायचा. मापाबाहेरची. ती मागायची नसते, द्यायची असते. ती पडली की व्यवहार संपला. त्यानंतर विकणाऱ्याने कमी मिळालं म्हणायचं नाही आणि घेणाऱ्याने मीठ ओलं होतं म्हणायचं नाही. वडिलांनी कधी कोणाला मूठ टाकल्याशिवाय पाठवलं नाही. भांडून भाव केलेल्याला तर जरा मोठीच. हा शब्द मी वीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. फ्लेक्सवाले, प्लायवाले, बिल्डर, यांच्यात कोणाला माहीत असणार. तो त्याने उच्चारला आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं. त्याच्या आईची पाटी, तिचा ओला पदर, वडिलांचा मिठाने पांढरा झालेला हात, सगळं एकदम.

काय हवं, असं मी विचारलं. तो म्हणाला, उघडी फाइल दे.

फाइल म्हणजे काय ते सांगायला हवं. मी चित्र एका कागदासारखं काढत नाही, थराथरांनी काढते. एका थरावर मागचं आकाश, एकावर मोठा ग्रह, एकावर चंद्र, सगळ्यात वर माझी सही. पूर्ण झालं की सगळे थर मिळून एक बंद चित्र होतं, तेच मी देते. बंद चित्रातून कोणी काही उचलू शकत नाही. उघडी फाइल म्हणजे सगळे थर सुटे. ज्याच्या हातात ती आहे तो चंद्र उचलून कुठेही ठेवू शकतो आणि सही एका टिचकीत घालवू शकतो. दहा वर्षांत मी ती कोणाला दिली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नाच्या बॅनरची दिली नव्हती.

एसीची जाळी कुठे येईल त्याप्रमाणे जरा इकडे-तिकडे सरकवावं लागेल, दर वेळी तुला कुठे त्रास देऊ, असं तो म्हणाला. आणि मी दिली. जी बाई भाजीवाल्याशी कढीपत्त्यावरून भांडते, तिने.

उद्घाटनाचं आमंत्रण फोनवर आलं. मी वडिलांना घेऊन गेले. त्यांना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन नवं दिसायला लागलं होतं आणि मला त्यांना आगर दाखवायचं होतं. छतावरचं. रिक्षात त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

दारातच पितळी पाटी होती. संकल्पना आणि चित्र, आणि खाली त्याच्या कंपनीचं नाव. मी दोनदा वाचली. मग आत जाऊन वर पाहिलं. भाकरीचा ग्रह मध्यावर, जिथल्या तिथे. गंजाचा, शेवाळाचा, सगळे होते. कोपऱ्यात माझी सही नव्हती. आणि चंद्र उजवीकडे असायला हवा होता, तिथे एसीची जाळी होती. चंद्र डावीकडे गेला होता. नुसता सरकवला नव्हता, आरशातल्यासारखा उलटवला होता, उजळ बाजू मोठ्या ग्रहाकडे करून. सगळे ग्रह दाराच्या बाजूने उजळलेले, आणि हा एकटा पलीकडून.

लोक वर बघून मोबाइल धरत होते. वडील मान मागे टाकून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, त्यांना ओळखू आलं नसेल.

"आपला आगर हाय ना ह्यो?" ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाकी सगल्यांवर ऊन दाराकडून हाय. ह्या एकल्यावर पलीकडून कसा?"

मी चुकले, असंच त्यांना वाटलं असणार. मुलीला ऊन कळलं नाही.

त्याला मी तिथेच गाठलं, सगळ्यांसमोर, समोसे वाटले जात असताना. आवाज चढला, हे मान्य आहे. पाटीबद्दल विचारलं तर तो शांतपणे म्हणाला की कंपनीचं नाव जातं, सगळीकडे तसंच असतं. चंद्राबद्दल विचारलं तर म्हणाला, ताई, असाच छान दिसतो, उजळ बाजू आत. सोसायटीचे चेअरमन मध्ये आले. बँकेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे. "मॅडम, शांती से. ये तो कॉम्प्युटर ने बनाया है ना? इन्होंने हमें वही बताया था." म्हणजे त्याने त्यांना असं सांगितलं होतं. कॉम्प्युटरला चार शब्द सांगितले, त्याने ग्रह काढून दिले. हल्ली तसंही होतं म्हणे, आणि लोकांना ते माझ्या कामापेक्षा पटकन पटतं. मीही कॉम्प्युटरवरच काढते. भाकरी तव्यावर होते, म्हणून तव्याने केली असं कोणी म्हणतं का?

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक लावायला मी चेअरमनना भाग पाडलं. रोज फोन केला. वडील म्हणाले, मीपण येतो. मी नको म्हटलं, पण ते शर्ट घालून तयार बसले होते.

बैठकीत तो आधी साफ नाही म्हणाला. कशावरून ही चित्रं तुझी, असं त्याने मलाच विचारलं. मी मोबाइल काढला आणि भाकरीचा फोटो टेबलावर ठेवला. फोटोतला जळका ठिपका, त्याच्या बाजूला फुटलेला पापुद्रा, खाली कडेला बोटाचा दाब. मग सगळ्यांना हॉलमध्ये नेऊन वर बघायला सांगितलं. पुरुष माना हलवत बसले. कमिटीतल्या दोन बायकांना एका क्षणात कळलं. त्यातली एक म्हणाली, "अगं बाई, आपण आठवडाभर भाकरीखाली योगा करतोय." सगळे हसले. मीही हसले असते, पण त्याच्याकडे बघत होते.

तो हसला नाही. त्याने शेवटचं ठेवणीतलं काढलं. वडिलांकडे वळला, माझ्याकडे नव्हे.

"काका, चित्रं ताईची, कबूल. पण ताईने मला वरची मूठ दिली. मूठ पडली की तक्रार नाही, हा तुमचाच नियम. माझी आई सांगायची."

रागाने कान तापले होते, पण नियम खरा होता. मूठ मी दिली होती, माझ्या हाताने. चेअरमनना मूठ म्हणजे काय ते कळेना, बायकांपैकी एक त्यांना हिंदीत समजावत होती. वडिलांनी तिचं संपेपर्यंत वाट पाहिली.

"तुजी आयस रोज यायची," ते त्याला म्हणाले. "मूठ मिठाची देतात. आगराची न्हाय. मूठ नेलीस, ती खा. आगर उचलून दुसरीकडं मांडलास, तो कोणाला इचारून?"

तो मोबाइल बघायला लागला.

मग चेअरमननी तोडगा काढला. पाटी बदलतो, मॅडमचं नाव टाकतो, चित्रकार म्हणून, मोठ्या अक्षरात. सगळ्यांना पटलं. त्यालाही पटलं, लगेच. इतक्या लगेच की माझ्या लक्षात आलं, त्याला सुटल्यासारखं झालंय. मी विचारलं, आणि चंद्र? तर म्हणाला, कापड पुन्हा छापायचं, पुन्हा ताणायचं, दिवे उतरवायचे, शक्य नाही. चेअरमन म्हणाले, "किसको दिखता है, मॅडम?"

इथे मी जो निर्णय घेतला त्यावरून घरात अजून माझ्याशी वाद घालतात. मी नाव नको म्हटलं. आधी चंद्र जागेवर आणा, मग नाव लावा. उलट्या उजेडाच्या चंद्राखाली माझं नाव लागलं तर ती चूक माझी होते. निवृत्त मास्तर आज ना उद्या वर बघतील आणि म्हणतील, ह्या बाईला एवढं कळत नाही. आता निदान चूक त्याच्या नावावर आहे. पण मग चित्रंही त्याच्याच नावावर राहिली. दोन्हीकडून मीच गेले. इतकी वर्षं भाव करून असा कोंडीचा सौदा मी कधी पाहिला नव्हता.

कमिटीने पुढे विषयच बंद केला. चेअरमन फोन उचलतात, गोड बोलतात, विचारविनिमय चालू आहे म्हणतात. तो माझ्या दुकानासमोरून गाडी नेतो, काच खाली करत नाही. परवा त्याच्या जाहिरातीत मी माझा चंद्र पुन्हा पाहिला, काशिमिऱ्याकडच्या कुठल्याशा जिमच्या भिंतीवर. तिथेही उलटा. म्हणजे मूठ अजून संपलेली नाही, तो आगरच उपसतो आहे.

वडील आता त्याबद्दल बोलत नाहीत. संध्याकाळी बांधापर्यंत चालून येतात. एकदा मी विचारलं, त्या चंद्रावरचं ऊन मी चुकवलं असं तुम्हाला वाटलं होतं का. ते म्हणाले, पहिल्यांदा वाटला. मग म्हणाले, पोरीनं ऊन स्वतः पालथी पडून बघितलेला, ती कशी चुकंल. पण तो पहिला क्षण तर गेलाच ना. ऑपरेशननंतर नव्या डोळ्यांनी त्यांनी माझं काम पहिल्यांदा पाहिलं, ते हे असं. तो क्षण मला कोण परत देणार आहे? कमिटी? बोलावून बघितलं मी कमिटीला.

म्हणून हे त्याच्यासाठी लिहिते, कारण तो वाचेल, त्याची बायको माझ्या दुकानात छपाईला येते आणि हा कागद मी तिच्याच हातात देणार आहे. तू मला ताई म्हणालास, माझ्या वडिलांना काका म्हणालास, स्वतःच्या आईचा शब्द माझ्या दारात उभा राहून वापरलास. पैशांचं काही नाही, ते मिळाले. आता त्या हॉलमध्ये ये. दिवस तू ठरव, मी वडिलांना घेऊन येते. छताखाली उभा राहा, वर बोट कर, आणि त्यांना सांग, सगळ्यांवर ऊन दाराकडून येतं तर त्या चंद्रावर पलीकडून कुठून येतं. प्रश्न त्यांनी मला विचारला होता. उत्तर तुला द्यायचंय.